ठासणीची बंदूक : हौस कोणाची, हात कोणाचे?

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आज हजारो माणसे जुन्या पद्धतीच्या बंदुका स्वतःच्या हाताने घडवतात. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, डॉक्टर असतात, कारखान्यातले फोरमन असतात. संध्याकाळी घरामागच्या खोलीत शिरायचे, पटाशी-कानस हाती घ्यायची आणि अडीचशे वर्षांपूर्वीचे लोहार-सुतार जशी बंदूक करीत तशी एक बंदूक सहा महिन्यांत, वर्षभरात उभी करायची, असा हा छंद आहे. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून ती गजाने ठासायची, अशी ही बंदूक. आपल्याकडे तिला ठासणीची बंदूक म्हणतात.

दलित चळवळीच्या नियतकालिकात या छंदावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझे उत्तर सरळ आहे. शस्त्र कोणी घडवायचे, कोणी धरायचे, कोणी परवान्यासाठी अर्ज करायचा आणि कोणी नुसती काठी घेऊन वेशीवर उभे राहायचे, ही वाटणी कोणत्याही समाजाच्या रचनेचा नेमका नकाशा असते. ज्या समाजात ही वाटणी जन्माने ठरली त्या समाजातून मी आलो आहे. माझ्या पणजोबांकडे वेसकराची घुंगरांची काठी होती. गाव राखायचे काम त्यांच्याकडे होते. बंदूक पाटलाच्या वाड्यात खुंटीला होती. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. काडतुसांच्या खोक्यांत त्यांचा जन्म गेला, पण आयुष्यात त्यांनी गोळी झाडली नाही. तेव्हा कोणी बंदुकीला ‘हौस’ म्हणू लागले की माझे कान टवकारतात.

आधी त्या कामाविषयी सांगतो, कारण काम खरोखरच देखणे आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

अमेरिकन हौशी माणसाचे लाडके हत्यार म्हणजे पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल. अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागीर पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या आसपास येऊन वसले. त्यांनी मायदेशाहून शिकारीची आखूड, जाड नळीची रायफल आणली होती. नव्या देशात शिसे आणि दारू महाग. म्हणून त्यांनी नळीचा व्यास कमी केला. तेवढ्याच शिशात जास्त गोळ्या होऊ लागल्या. नळी मात्र लांबवली, चाळीस इंचांच्याही पुढे नेली. नळीच्या आत मळसूत्रासारख्या खाचा असत. गोळीभोवती तेलकट चिंधी गुंडाळून ती ठासली की चिंधी खाचांत बसे, गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडे आणि सरळ जाई. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी पात्यावर आपटायची, ठिणग्या प्याल्यातील रंजकेवर पडायच्या, कानातून आग आत शिरायची. सगळी करामत एवढीच.

आजचा हौशी माणूस बहुधा सुटे भाग विकत घेतो. नळी कारखान्यात तयार झालेली असते, चापाची कळ तयार असते, दस्त्याचे लाकूड अर्धवट कोरलेले असते. पण उरलेले काम शे-दोनशे तासांचे असते. नळी लाकडात बसवायची कशी, ते पाहण्यासारखे आहे. नळीला दिव्याची काजळी लावतात, खोबणीत दाबून बसवतात आणि उचलतात. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड अजून उंच आहे. तेवढेच पटाशीने तासायचे, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असे शेकडो वेळा. लाकूड मेपलचे, वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषांचे. त्याला रंग फासत नाहीत. नत्राम्लात लोखंड विरघळवून ते पाणी लाकडावर पुसतात आणि वरून उष्णता देतात. फिकट लाकूड बघता बघता लालसर तपकिरी होते आणि पट्टे उठून दिसतात. त्यावर जवसाचे तेल, बोटांनी चोळून, दिवसांमागून दिवस. नळीचे तर त्याहून नवल. तिला मुद्दाम गंज चढवतात. गंज आला की खरवडतात, पुन्हा चढवतात, पुन्हा खरवडतात. शेवटी उरलेला पातळ तपकिरी थर तेलाने मारून टाकला की तोच थर पुढच्या गंजाला अडवतो. गंजानेच गंज रोखायचा, हे ज्या लोहाराला प्रथम सुचले असेल त्याचे नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

या छंदाला संघटित रूप १९३३ साली आले. अमेरिकेतील ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना त्या वर्षी स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी तिचे मेळे भरतात. १९६८ च्या केंद्रीय शस्त्रकायद्याने ठासणीच्या जुन्या धर्तीच्या बंदुकांना ‘पुरातन’ म्हणून बहुतेक बंधनांतून वगळले, त्यामुळे त्या टपालानेही मागवता येऊ लागल्या. १९७६ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी झाली आणि छंदाला उधाण आले. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या गावाचे रॉकफेलरच्या पैशातून अठराव्या शतकातल्यासारखे पुनरुज्जीवन झाले होते. तिथल्या कार्यशाळेत वॉलेस गस्लर यांनी लोखंडाच्या तापल्या पट्टीपासून नळी गुंडाळून, जोडून, आतून कोरून संपूर्ण रायफल हाताने केली. तिच्यावरील चित्रपट एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस निघाला. हौशी मंडळी तो आजही भक्तीने पाहतात. मीही पाहिला, आणि मान्य करतो की तापलेले लोखंड घणाखाली एकजीव होताना पाहून मी हरखून गेलो.

पण हरखताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. तिथे डॉक्टरचे हात काळे झाले तर त्याची प्रतिष्ठा वाढते. शेजारी कौतुकाने पाहायला येतात. आपल्याकडे हाताला काजळी लागली की माणसाची जात विचारली जाते. लोखंड तापवणारा घिसाडी अजूनही गावाबाहेर पालात राहतो. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणारा समाज हत्यार घडवणाऱ्याला ओट्यावर बसवीत नाही. पूजा वस्तूची आणि विटाळ माणसाचा, ही आपली खास कामगिरी! हौस म्हणून लोहारकाम करावे असे आपल्याकडील प्राध्यापकाला का वाटत नाही, याचे उत्तर आळसात नाही. ते वर्णव्यवस्थेत आहे. श्रमाला जात चिकटवली की श्रमातला आनंदही विटाळतो. बाबासाहेबांनी म्हटलेच आहे की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे.

म्हणून अमेरिका निर्मळ आहे असे समजण्याचे कारण नाही. हौशी मंडळींच्या मनात ठासणीच्या रायफलीचा धनी ठरलेला असतो : हरणाच्या कातड्याचा सदरा घातलेला, जंगल तोडत पश्चिमेकडे निघालेला स्वतंत्र गोरा माणूस. ज्यांची जमीन त्याने घेतली ते मूळ रहिवासी या चित्रात केवळ झाडामागे लपलेले असतात. आणि काळा माणूस तर चित्रातच नसतो. वस्तुतः अठराव्या शतकातील विल्यम्सबर्गची निम्म्याहून थोडी अधिक वस्ती काळ्यांची होती, आणि त्यांतील बहुतेक गुलाम होते. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या लोखंडाच्या भट्ट्यांवर गुलाम राबत. क्रांतियुद्धात विल्यम्सबर्गच्या सार्वजनिक शस्त्रशाळेतही गुलाम कामगार होते. तरी त्या पुनरुज्जीवित गावात काळ्या माणसांचा इतिहास रीतसर सांगायला १९७९ साल उजाडावे लागले. तोवर पर्यटकाला तिथे लोहाराची भट्टी दिसे, भाता दिसे. त्या काळात तो भाता ओढणारा मात्र दिसत नसे.

तो दिसू नये याची तजवीज कायद्याने फार आधी केली होती. व्हर्जिनियाने १६४० मध्ये हुकूम काढला की निग्रो सोडून सर्वांनी शस्त्र बाळगावे. १६८० च्या कायद्याने गुलामांना बंदूक, तलवार, सोटा, काठी यांपैकी काहीही बाळगण्यास मनाई केली. काठीसुद्धा! आमच्या पणजोबांना निदान काठी तरी होती. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश टेनी यांनी काळ्यांना नागरिक का मानता येणार नाही याची जी कारणे दिली, त्यांत एक असे होते की नागरिक मानले तर त्यांना वाटेल तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क मिळेल. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या काळ्यांना बंदूक बाळगायला बंदी करणारा कायदा केला. पुढे १९६६ मध्ये ऑकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्याचे तरुण तत्कालीन कायद्याच्या चौकटीत भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांवर पहारा ठेवू लागले. लगेच १९६७ साली कॅलिफोर्नियाने मलफर्ड कायदा करून भरलेली बंदूक उघड बाळगण्यावरच बंदी घातली. सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रीगन. पुढच्याच वर्षी केंद्राने ठासणीच्या बंदुकांना हौसेसाठी मोकळीक दिली. दोन कायद्यांचा उद्देश एक नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण कोणाच्या हातातील बंदूक हौस ठरते आणि कोणाच्या हातातील धोका, हे त्या दोन वर्षांत शेजारी-शेजारी लिहिले गेले. १९७२ मध्ये मुंबईत पँथर हे नाव घेणाऱ्या तरुणांच्या हातात तर बंदूकही नव्हती. तरी प्रस्थापितांना धडकी भरली.

शस्त्रबंदीचे मर्म बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये उलगडले होते. जगात इतरत्र सामाजिक क्रांत्या झाल्या, भारतात का झाली नाही? त्यांचे उत्तर होते की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्रही नाकारले आणि विद्याही. गुलाम ठेवणाऱ्या अमेरिकेने नेमक्या याच दोन गोष्टी नाकारल्या. तरीही शस्त्राची विद्या हातात होती त्यांच्यापैकी एकाने काय केले ते पाहा. रिचमंडजवळ गेब्रियल नावाचा चोवीस वर्षांचा गुलाम होता, धंद्याने लोहार. १८०० साली त्याने आणि त्याच्या भावाने, तोही लोहारच, गवत कापायच्या विळ्यांच्या पात्यांपासून तलवारी केल्या, गोळ्या ओतल्या आणि बंडाची तयारी केली. ऐन रात्री वादळी पाऊस आला, ओढे-नाले भरले, दरम्यान फितुरी झाली. ऑक्टोबरात गेब्रियल फासावर गेला. त्यानंतर व्हर्जिनियाने काळ्यांवरील पाश आणखी आवळले. हौशी मंडळींच्या मेळ्यांत जुन्या गोऱ्या बंदूककारांची नावे आदराने घेतली जातात. या लोहाराचे नाव त्या यादीत बसायला हरकत नसावी.

आता बंदुकीच्या पोटातील वस्तूकडे येतो, कारण तिथे आपला थेट संबंध आहे.

काळ्या दारूत पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असते. कोळसा कुठेही होतो. सोरा मात्र सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जगाला मुख्यतः बिहारने पुरवला. सोरा खाणीत सापडत नाही. गुरांच्या गोठ्याजवळची, घरांच्या भिंतींच्या पायथ्याची, मूत आणि शेण मुरलेली जमीन उन्हाळ्यात पांढरी फुलते. ती माती खरवडायची, पाण्यात भिजवून गाळायची, गाळलेले पाणी कढईत आटवायचे, स्फटिक वेचायचे. हे काम ज्या जातीच्या माथी होते तिचे नाव नोनिया. जोतीरावांच्या शब्दांत शूद्रातिशूद्रांपैकी. गावाची घाण खरवडून ते जे काढीत त्यावर डच आणि इंग्रज कंपन्यांची पाटण्यात चढाओढ चाले. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीसाठी मिळवला, आणि पुढे युरोपातील युद्धांत इंग्रजांना दारू कमी पडली नाही. नोनियाच्या हाती मात्र आगाऊ उचल आणि तिचे कर्जच राहिले.

१८६१ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली. उत्तरेकडील सरकारजवळ सोरा नव्हता. दारू बनवणाऱ्या द्यू पाँ घराण्यातील लॅमो द्यू पाँ गुपचूप लंडनला गेला आणि तिथे मिळेल तेवढा भारतीय सोरा त्याने विकत घेतला. तेवढ्यात ट्रेंट जहाजाच्या प्रकरणावरून इंग्लंड-अमेरिका भांडण जुंपले, निर्यात अडवली गेली. १८६२ मध्ये तंटा मिटल्यावर माल सुटला. त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक लढले. त्यांच्या हाती ठासणीच्या स्प्रिंगफील्ड आणि एनफील्ड बंदुका होत्या. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर; काळ्याला दहा, आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापलेले. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असा पगार घ्यायलाच नकार दिला. विनावेतन लढले, पण कमी वेतन घेतले नाही. १८६४ च्या जूनमध्ये अमेरिकन संसदेला समान वेतन मान्य करावे लागले.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपल्याला पाठ आहे. त्या मुक्तीच्या लढाईतील दारूत बिहारच्या नोनियांनी गोठ्यातून खरवडलेली माती होती, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. मी वर्गात ते सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

अमेरिकन लांब रायफलीच्या खालोखाल हौशी मंडळींची आवडती म्हणजे ब्राऊन बेस ही इंग्रजी फौजी बंदूक. तिचा सर्वांत जास्त निघालेला प्रकार ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने ओळखला जातो. मूळ तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी केलेला स्वस्त नमुना. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारनेही तोच उचलला. नळी एकोणचाळीस इंचांची, आत खाचा नाहीत, व्यास पाऊण इंच. दाताने कागदी काडतूस फाडायचे, थोडी रंजक प्याल्यात टाकायची, झाकण लावायचे, बंदूक उभी करून उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीत घालायचा, गजाने ठासायचा, गज परत जागी घालायचा, मग घोडा चढवायचा. कसलेला शिपाई हे मिनिटात तीनदा करी. हौशी माणसाला ही कवायत मोठी गमतीची वाटते. तो गणवेश शिवून घेतो आणि मैदानात ती करून दाखवतो.

हीच कवायत १ जानेवारी १८१८ ला भीमा नदीच्या काठी कोरेगावात दिवसभर चालली होती. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबईच्या देशी पायदळाचे सुमारे पाचशे शिपाई, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा. शिरूरहून रात्रभर चालून आलेली माणसे. समोर पेशव्याची फौज. लढाईची हकीकत वाचकांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ते शिपाई दिवसभर पाण्याविना होते. काळ्या दारूची बंदूक चालवणाऱ्याला पाण्याचे मोल दुहेरी असते. प्रत्येक बारानंतर नळीत काळा किटाळ साचतो, सुकला की दगडासारखा घट्ट होतो, गज आत जाईना होतो. आजचा हौशी माणूस चार-सहा बार काढले की ओल्या चिंधीने नळी पुसतो, घरी गेल्यावर गरम पाण्याने धुतो. कोरेगावात ओठांवर दारूची खारट पूड होती (काडतूस दातांनी फाडले की ती तोंडात जातेच), आणि नदी दिसत असून हाती लागत नव्हती. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब त्या स्तंभापाशी आले आणि त्याच वर्षी मार्चच्या २० तारखेला महाडच्या तळ्यावर गेले. या दोन तारखांत ऐंशी दिवसांचेही अंतर नाही.

स्तंभावर कंपनीच्या मृतांची एकोणपन्नास नावे आहेत, त्यांतील बावीस ‘नाक’ प्रत्ययाची. म्हणजे सगळे महार नव्हते. मराठे, राजपूत, मुसलमान, ज्यूही होते. आणि ते कंपनीचे पगारी शिपाई होते, हेही लपवण्याचे कारण नाही. पण ज्याला गावात काठीपलीकडे काही धरू दिले नाही त्याच्या खांद्यावर साडेचार किलोची बंदूक आली, त्याला मिनिटात तीन बार काढण्याची विद्या शिकवली गेली, पगारपत्रकावर त्याचे नाव लिहिले गेले. या घटनेचे वजन परक्याच्या चाकरीने कमी होत नाही. ज्यांना ते खुपते त्यांनी आधी हे सांगावे की स्वकीयांच्या फौजेत त्याला काय मिळत होते.

हत्यार हाती आले, तरी ते कायमचे आले नाही. १८५७ चा उठाव ठासणीच्याच एनफील्ड रायफलीच्या काडतुसावरून पेटला. त्या वर्षीच्या जानेवारीत दमदमच्या शस्त्रागारातील एका खालच्या जातीच्या खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जात काढून नकार दिला. खलाशी म्हणाला, थोड्याच दिवसांत तुमची जात राहायची नाही. गाईची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसे तुम्हाला दातांनी तोडावी लागणार. गोऱ्या अधिकाऱ्याने वर कळवलेल्या अहवालात ही हकीकत आहे. दलितांच्या लोकपरंपरेने त्या माणसाला मातादीन हे नाव दिले. ही गोष्ट सांगताना सवर्ण इतिहासकार काडतुसापाशी थांबतात. मला ती पाण्यापाशी सुरू झालेली दिसते. शस्त्रागारात राबणाऱ्याला काडतुसात काय आहे ते ठाऊक होते. ते झाडणाऱ्याला नव्हते.

उठावानंतर सरकारने देशी पलटणींसाठी एनफील्डचा असा नमुना काढला की ज्याच्या नळीत खाचा नव्हत्या. दिसायला तीच बंदूक, पण गोळी लांबवर सरळ जाऊ नये म्हणून मुद्दाम गुळगुळीत केलेली. मग १८७८ चा शस्त्रकायदा आला : देशी माणसाला परवाना हवा, गोऱ्याला नको. कोडगूतील जम्मा जमिनीच्या धारकांना मात्र त्यातून सूट मिळत राहिली, ती आजतागायत चालू आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. त्यांच्या कॉफीच्या मळ्यांत राबणाऱ्या आदिवासींना त्या सुटीचा काय उपयोग, हे कोणी विचारत नाही. लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढाऊ जमाती’चे शास्त्र निघाले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. कोरेगावला लढलेल्यांचे नातू अचानक लढाऊ राहिले नाहीत! गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त फौजी. १८९४ मध्ये त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळीतर्फे सरकारकडे भरतीसाठी विनंतीपत्र तयार केले. त्या विनंतीपत्राकडे मी नोकरीचा अर्ज म्हणून पाहत नाही. बंदूक गेली की पगार गेला, पगार गेला की फौजी शाळा गेली, शाळा गेली की पुन्हा वेस आणि काठी, हे वलंगकरांना दिसत होते. सुभेदार रामजी सकपाळांचे घर या बदलाच्या उंबरठ्यावर उभे होते.

आजचा कायदाही जमिनीशी बांधलेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे तो पीक संरक्षणासाठी. ज्याच्याकडे पीक त्याला ती मागता येते. पीक म्हणजे जमीन, आणि जमीन कोणाकडे आहे ते सांगायला नको. याउलट अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत एक तरतूद आहे : अत्याचारप्रवण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्याने बिगर-दलितांचे शस्त्रपरवाने गरजेप्रमाणे रद्द करावेत आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत. कार्यकर्त्यांनी नियम क्रमांक तीन जरूर वाचावा. माझ्या वर्गात कायद्याच्या परीक्षांना बसणारी मुले आहेत. त्यांतील एकालाही तो ठाऊक नव्हता. प्रत्येक घरात बंदूक आली पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. पण कायद्याच्या पुस्तकात आपल्यासाठी काय लिहून ठेवले आहे एवढे तरी माहीत हवे.

शेवटी जुन्या बंदुका ‘नव्या’ करण्याविषयी. हौशी मंडळींत यावरून मोठे वाद आहेत. एक पक्ष म्हणतो, सापडलेली जुनी बंदूक घासून, पॉलिश करून लखलखीत करावी. दुसरा म्हणतो, गंजाचा काळा थर, दस्त्यावरचे ओरखडे, हाताच्या घामाने काळवंडलेले लाकूड हाच तिचा इतिहास. तेल लावा, याहून जास्त काही करू नका. मी दुसऱ्या पक्षाचा. घासताना गंजाबरोबर ठसे जातात : कारखान्याचा, पलटणीचा, कधी शिपायाच्या क्रमांकाचा. आपल्या इतिहासावर असे पॉलिश फार झाले आहे.

२००३ मध्ये एका अमेरिकन-इंग्रज व्यापारी गटाने काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील नेपाळ सरकारचा जुना शस्त्रसाठा विकत घेतला. ब्राऊन बेस, ब्रन्सविक, एनफील्ड घाटाच्या असंख्य बंदुका, शतकभराची धूळ आणि घट्ट झालेली चरबी यांच्या थराखाली निघाल्या. काही इंग्रजी, काही नेपाळातच घडवलेल्या. त्या अमेरिकेतील हौशी लोकांनी शेकड्यांनी घेतल्या आणि घरी नेऊन चरबी खरवडली. नळ्यांवर आणि दस्त्यांवर त्यांना अनोळखी अक्षरे आणि आकडे कोरलेले दिसले. ही कुठली लिपी, काय लिहिले आहे, असे ते एकमेकांना विचारू लागले. लिपी देवनागरी आहे. आपल्यातील चौथीच्या मुलालाही ते आकडे वाचता येतील.

नेपाळात लोखंड घडवण्याचे काम कामी जातीचे. १८५४ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे तिथल्या राज्याच्या लेखी कायद्याने, कामींना ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्श झाल्यास पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते अशा जातींत घातले. कायद्यातून ही अस्पृश्यता १९६३ मध्ये गेली. तेव्हा नेपाळी घडणीच्या बंदुकीवरून बोट फिरवणाऱ्या अमेरिकन हौशी माणसाला नळीवरचे घणाचे बारीक खळगे आणि कानशीचे वाकडे फराटे लागतात. यंत्राच्या कामात ते नसतात. पुष्कळजण ते दोष समजून घासून सपाट करतात.